छोट्या गाडीची काच

गेल्या स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात आठवीच्या मुलांनी केलेली पांढरी अँबेसिडर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. टेबलाभोवती गर्दी होती, आणि हात लावू नका असे लिहिलेले असूनही हात लागतच होते. त्या गाडीविषयी नंतर आम्हाला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न चाकांचा नव्हता की रंगाचा नव्हता. "काच खरी आहे का?" हा तो प्रश्न होता. पालकांनी विचारला, विश्वस्त मंडळाच्या सदस्यांनी विचारला, पाचवीच्या मुलांनी तर नखाने टकटक करून पाहिली. काच खरी नव्हती. ती कशाची होती, कशी केली, आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री तिचे काय झाले, हे सांगण्यासाठी हा पाठ लिहीत आहोत. आदल्या रात्री जे झाले त्यात चूक मुलांची नव्हती, आमची होती, हेही येथेच लिहून ठेवतो.

आधी मापाचे बोलू. आमची गाडी १:२४ या प्रमाणात होती. म्हणजे खऱ्या गाडीचे प्रत्येक माप २४ ने भागायचे. अँबेसिडर सुमारे ४.३ मीटर लांब, तेव्हा प्रतिकृती साधारण १८ सेंटिमीटर. लांबी, रुंदी, उंची भागायला मुले विसरत नाहीत. जाडी भागायला मात्र सगळेच विसरतात. मोटारीच्या समोरच्या काचेची जाडी पाच-सहा मिलिमीटर असते, दारांच्या काचांची चार मिलिमीटरच्या आसपास. त्यांना २४ ने भागा. समोरची काच येते ०.२ ते ०.२५ मिलिमीटर, दाराची ०.१७. आता बाजारात तयार मिळणाऱ्या प्लास्टिकच्या किटमधील काच पाहा. साच्यात वितळलेले प्लास्टिक ओतून ती केलेली असते, आणि साच्यातून नीट निघावी म्हणून तिला निदान एक मिलिमीटर जाडी ठेवावीच लागते. एक गुणिले २४ म्हणजे २४ मिलिमीटर. एवढ्या जाडीची काच बँकेच्या तिजोरीला शोभेल, मोटारीला नाही. अशी काच लावली की कडांशी प्रकाश वाकतो, आतली आसने तुटक दिसतात, आणि कारण न कळताही पाहणारा म्हणतो, "खेळणे आहे."

म्हणून पहिला धडा असा की काच पातळ हवी. पातळ किती हे डोळ्यांनी ठरवू नका. प्रयोगशाळेत स्क्रू गेज आहे, नववीची मुले ते तारेचा व्यास मोजायला वापरतात. त्याचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर आहे, आपल्या कामाला पुरेसे. घरी स्क्रू गेज नसेल तर एकाच प्लास्टिकचे दहा तुकडे एकावर एक घट्ट दाबून पट्टीने मोजा आणि दहाने भागा. आमच्या मुलांनी घरून आणलेली बारा-तेरा प्रकारची पारदर्शक प्लास्टिके अशी मोजली आणि वहीत तक्ता केला. तो तास आम्हाला स्वतःला फार आवडला, कारण कचऱ्यात जाणाऱ्या वस्तूंकडे मुले एकदम सावकारासारखी पाहू लागली.

त्या तक्त्यातून जे हाती लागले ते थोडक्यात सांगतो. जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक पाने शाळेच्या कपाटात धूळ खात पडली होती. ती ०.१ मिलिमीटर भरली, म्हणजे आपल्या प्रमाणात अडीच मिलिमीटर काच. थोडी पातळ, पण सपाट आणि अतिशय स्वच्छ. मिठाईच्या डब्यांची पारदर्शक झाकणे ०.२ ते ०.३ भरली. इंदूरमध्ये मिठाईच्या आणि शेवेच्या डब्यांना तोटा नाही हे सांगायला नको. मात्र शेवेच्या डब्याचे तेल कितीही धुतले तरी कोपऱ्यांत राहते, म्हणून मिठाईचाच डबा बरा, असा निष्कर्ष मुलांनी काढला. तो काढण्यासाठी किती मिठाई संपली हे आम्ही विचारले नाही. पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्यांचा गुळगुळीत भागही ०.२५ ते ०.३ भरला. शर्टाच्या खोक्यांची झाकणे जाडीने ठीक, पण त्यांवर आडवे बारीक चरे फार.

डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक अंक छापलेला असतो, तो अवश्य पाहा. १ असेल तर ते पीईटी, ३ असेल तर पीव्हीसी, ६ असेल तर पॉलिस्टायरीन. आपल्याला १ हवे. ते दुमडले तरी सहसा तुटत नाही आणि गरम पाण्याने हवा तसा बाक घेते. ६ क्रमांकाचे स्वच्छ दिसते खरे, पण कापताना काचेसारखे तडकते. ३ क्रमांकाचे कापायला हरकत नाही, पण ते ज्योतीजवळ कधीही नेऊ नये. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा वायू निघतो, तो नाकाला आणि फुप्फुसांना घातक आहे. पालकांनी एवढे लक्षात ठेवावे की या संपूर्ण कामात ज्योतीचे काहीच काम नाही. मूल मेणबत्ती मागत असेल तर ते दुसरे काही करत आहे.

जाडी जमली म्हणजे झाले असे नाही. प्लास्टिक सपाट आहे की लाटा आहेत हे पाहण्याची सोपी परीक्षा आहे. तुकडा ट्यूबलाइटखाली धरा आणि त्यात दिव्याचे प्रतिबिंब पाहा. प्रतिबिंबाची रेघ सरळ असेल तर पान घ्या, सापासारखी वळत असेल तर दुसरे शोधा. खरी काच आपण ओळखतो ती बरीचशी अशा सरळ प्रतिबिंबामुळेच. आरपार पाहताना लाटा दिसत नाहीत, पण प्रदर्शनात वर दिवा असतो, आणि तेथे त्या लपत नाहीत. बाटलीचे प्लास्टिक बहुधा याच परीक्षेत नापास होते.

काहींनी विचारले की खरीच काच का वापरू नये. सूक्ष्मदर्शकाच्या पट्टीवर ठेवतात ती झाकणकाच ०.१३ ते ०.१७ मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे माप अगदी आपले. प्रतिबिंबही तिच्याइतके सुंदर कशातच दिसत नाही. पण ती वाकत नाही, कापताना तुटते, आणि तिची कुसळे बोटात शिरली तर दिसतही नाहीत. मोठी माणसे आपल्या जबाबदारीवर वापरोत, शाळेत ती सूक्ष्मदर्शकाखालीच राहील.

आता कापणे. आधी कागदाचा नमुना करायचा, हा नियम मुलांना जाचक वाटतो. खिडकीच्या भोकावर आतून पातळ कागद ठेवून पेन्सिलीने कड उतरवून घ्यावी, भोवती तीन मिलिमीटर चिकटवण्यासाठी जास्त ठेवून कागद कापावा, जागेवर बसवून पाहावा, आणि मगच तो प्लास्टिकवर ठेवून कापावे. प्रत्येक नमुन्यावर "डावे पुढचे दार", "मागची काच" असे लिहावे, कारण अँबेसिडरच्या डाव्या आणि उजव्या खिडक्या एकमेकींचे प्रतिबिंब आहेत, एकसारख्या नाहीत. आमच्या गटातील एक मुलगा हे नमुने काम झाल्यावरही कंपासपेटीत जपून ठेवत असे. बाकीचे त्याला हसत. पुढे काय झाले ते येईलच.

पाचवी ते सातवीच्या मुलांनी कात्रीच वापरावी. एवढे पातळ प्लास्टिक कात्रीने छान कापले जाते. आठवीपासून पुढे, शिक्षक शेजारी असताना, पाते वापरता येईल. पाते नवे हवे, पट्टी धातूची हवी, आणि जोर लावायचा नाही. तीन-चार वेळा हलक्या हाताने रेघ ओढली की तुकडा आपोआप सुटतो. जोर लावला की पाते घसरते. खिडकीचे गोल कोपरे पात्याने कापायचा हट्ट धरू नका. थोडे मोठे कापून नखे घासण्याच्या कानशीने गोल करा.

तुकडा कापल्यावर त्याला बोट लावायचे नाही. चिकटपट्टीचा छोटा तुकडा दुमडून त्याची मूठ करावी आणि तिला धरूनच काच उचलावी. बोटांचे ठसे लागलेच तर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन वाडगा उपडा झाकून त्याखाली आपोआप वाळू द्यावे. कोरड्या फडक्याने घासू नये. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि ते खोलीतली सगळी धूळ गोळा करते. फुग्याला केस चिकटतात तोच हा प्रकार.

समोरच्या काचेला किंचित बाक आहे. अँबेसिडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून घेतलेली, आणि तिची दारांची खिडकी सपाट पण समोरची काच एकसंध व वळलेली. हा बाक आम्ही मिठाईच्या झाकणाला दिला. टाल्कम पावडरच्या डब्यावर प्लास्टिकचा तुकडा गुंडाळला, वरून कापडाची पट्टी, त्यावर रबरबँड. पहिल्या खेपेस उकळत्या पाण्यात बुडवला. बाहेर काढला तेव्हा भाजलेल्या पापडासारखा झाला होता. पीईटी साधारण ७० ते ७५ अंश सेल्सियसला मऊ होऊ लागते, त्यामुळे उकळते पाणी त्याला फार होते. दुसऱ्या खेपेस तापमापी घेऊन पाणी ७५ अंशांपर्यंत उतरू दिले, एक मिनिट बुडवले आणि लगेच थंड पाण्यात घातले. रबरबँड काढल्यावर बाक तसाच राहिला. डबा खऱ्या बाकापेक्षा थोडा लहान घ्यावा असे नाही, मोठाही घेऊ नये. प्लास्टिक किंचित उलगडते, तेव्हा दोन-तीन डब्यांवर करून पाहणे हेच उत्तम. गरम पाण्याचे काम मोठ्यांनीच करायचे. प्रोजेक्टरच्या पानांवर मात्र हा उपाय चालत नाही. झेरॉक्स यंत्राची उष्णता सोसण्यासाठीच ती बनवलेली असल्यामुळे गरम पाण्याला ती दाद देत नाहीत.

आता त्या रात्रीची गोष्ट. गाडीचे अंग पुठ्ठ्याच्या थरांचे आणि लांबीचे, रंग देऊन चार दिवस वाळलेले. आत आसने बसली होती, तळ स्क्रूने लावायचा होता. फक्त काचा चिकटवायच्या राहिल्या होत्या. मुलांनी पांढरा गोंद काढला होता. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, पालक फाटकाशी उभे होते, आणि पांढरा गोंद वाळायला वेळ लागतो म्हणून आम्ही झटपट चिकटणारा गोंद वापरायला सांगितले. पाच मिनिटांत सगळ्या काचा बसल्या. तळ स्क्रूने बंद केला, गाडी कपाटात ठेवली, सर्व जण खुशीत घरी गेले.

सकाळी आठला कपाट उघडले तेव्हा सगळ्या काचांवर आतून पांढरा पिठूळ थर आला होता. थंडीच्या सकाळी बसच्या काचा दिसतात तशा, फक्त पुसल्या न जाणाऱ्या. प्रदर्शन दहा वाजता होते. ज्या मुलाने त्या खिडक्या कापल्या होत्या तो काही बोलला नाही. आमच्याकडे त्याने पाहिले नाही हेच आम्हाला जास्त लागले.

असे का झाले हे समजून घेण्यासारखे आहे. झटपट गोंदाचे नाव सायनोॲक्रिलेट. हवेतील आणि पृष्ठभागावरील ओलाव्याशी गाठ पडताच त्याचे रेणू एकमेकांत गुंफून घट्ट होतात. पण घट्ट होण्याआधी त्यातील काही भागाची वाफ होते. ही वाफ बंद जागेत कोंडली की जेथे ओलावा किंवा बोटांचा अंश सापडेल तेथे बसते आणि तेथेच घट्ट होऊन पांढरी भुकटी बनते. पोलीस याच गुणाचा उपयोग करून वस्तूंवरील न दिसणारे बोटांचे ठसे उमटवून घेतात. आमच्या गाडीच्या काचांवरही ठसे उमटले होते. दोन मुलांनी आपापले अंगठे ओळखले, त्यातच पहिले हसू आले. आणखी एक गंमत अशी की या पदार्थाचा शोध मुळात पारदर्शक वस्तू शोधताना लागला. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमयंत्रासाठी स्वच्छ प्लास्टिक शोधत होते. हा पदार्थ प्रत्येक गोष्टीला चिकटत असल्याने त्यांनी तो बाजूला टाकला. गोंद म्हणून तो १९५८ मध्ये बाजारात आला.

मग दोन तासांत काय केले? तळ स्क्रूचा होता हे नशीब. तो काढला. दारांच्या आणि मागच्या काचा ओढून काढल्या, आणि कंपासपेटीतले कागदी नमुने बाहेर आले. नमुने असल्यामुळे मापे घ्यावी लागली नाहीत. चार जणांनी मिळून पाऊण तासात सगळ्या सपाट काचा नव्याने कापल्या. राहिली समोरची. तिला पुन्हा बाक द्यायला वेळ नव्हता. ती ओल्या फडक्याने हलके पुसली, निघेल तेवढी भुकटी निघाली, तरी धुके राहिलेच. तेव्हा चित्रकलेच्या खोलीतून पाण्यात मिसळणारे पारदर्शक ॲक्रिलिक वार्निश आणले आणि मऊ कुंचल्याने एकच पातळ थर दिला. लावताना ते दुधासारखे दिसत होते. अर्ध्या तासाने वाळले, आणि धुके नाहीसे झाले. भुकटी तेथेच होती, पण दिसत नव्हती.

ही जादू नाही, दहावीच्या पुस्तकातले अपवर्तन आहे. प्रकाश हवेतून प्लास्टिकमध्ये शिरताना वाकतो, कारण हवेचा अपवर्तनांक १ आणि अशा प्लास्टिकांचा दीडच्या आसपास आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर सगळे किरण शिस्तीने वाकतात आणि पलीकडचे दृश्य स्वच्छ दिसते. पृष्ठभागावर कण किंवा ओरखडे असतील तर प्रत्येक किरण वेगळ्या दिशेला जातो, आणि विखुरलेला प्रकाश डोळ्याला पांढरा दिसतो. मीठ, साखर, कुटलेला बर्फ पांढरे दिसतात ते यामुळेच, एरवी त्यांचा प्रत्येक कण पारदर्शक आहे. आता त्या कणांमधल्या खाचा दीडच्या जवळ अपवर्तनांक असलेल्या वार्निशाने भरून टाकल्या की किरणाला कण आणि वार्निश यांत फरकच वाटत नाही. तो सरळ पुढे जातो. घरी करून पाहायचे असेल तर न्हाणीघराच्या खडबडीत दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबून लावा. पट्टीपुरती काच आरपार दिसू लागेल. पट्टी नंतर काढा, नाहीतर घरातले लोक आमच्याकडे तक्रार घेऊन येतील.

पांढऱ्या गोंदाचेही हेच. तो पांढरा दिसतो कारण पाण्यात तरंगणाऱ्या त्याच्या बारीक कणांवरून प्रकाश विखुरतो. पाणी उडून गेले की कण एकमेकांत मिसळून सलग थर होतो, आणि गोंद पारदर्शक बनतो. त्याची वाफ काचेवर बसत नाही, चुकून सांडला तर ओल्या काडीने पुसता येतो. दोष एकच, थांबावे लागते. आता आमच्या विभागाचा नियम असा आहे की काचेजवळ पांढऱ्या गोंदाशिवाय दुसरे काही न्यायचे नाही, आणि काचा बसवल्यावर तळ एक रात्र उघडा ठेवायचा. रंगही पुरता वाळलेला हवा, कारण कच्च्या रंगातून निघणारी वाफ बंद गाडीत कोंडून काचेला धूसर करते.

पांढऱ्या गोंदाचा आणखी एक उपयोग मुलांना फार आवडतो. पाच-सहा मिलिमीटरपर्यंतच्या छोट्या खिडकीला काच कापूच नये. दात कोरण्याच्या काडीवर गोंद घेऊन भोकाच्या कडेने फिरवावा आणि मग काडी एका कडेकडून दुसरीकडे अलगद ओढावी. साबणाच्या पाण्याचा पडदा तारेच्या कड्यात धरतो तसा गोंदाचा पडदा धरतो. वाळला की पातळ, चकाकणारी काच तयार. भोक मोठे असेल तर पडदा फुटतो किंवा मध्ये खळगा पडतो. अँबेसिडरच्या पुढच्या दारातील त्रिकोणी झडप आम्ही अशी केली.

काच बसली तरी ती बसलेली दिसली पाहिजे. दीड मिलिमीटर पुठ्ठ्याच्या मागे काच चिकटवली तर ती २४ पट मोजता ३६ मिलिमीटर आत गेलेली दिसते, जणू वाड्याच्या भिंतीतला कोनाडा. यावर उपाय म्हणजे खिडकीची कड आतल्या बाजूने तिरकी घासणे. बाहेरून कड कागदाइतकी पातळ दिसते, मजबुती जात नाही. समोरच्या काचेभोवती काळी रबरी पट्टी असते. तिच्यासाठी शिवणाचा काळा दोरा पातळ गोंदात भिजवून काचेच्या कडेने बसवला. प्लास्टिकची कापलेली कड काळ्या मार्करने रंगवली, नाहीतर ती प्रकाश पकडून पांढऱ्या रेघेसारखी चमकते. एवढ्या एका रेघेने गाडी खेळणे वाटते, म्हणून हे काम टाळू नका.

आणि आतल्या रंगाकडे लक्ष द्या. दुपारी रस्त्यावर उभ्या मोटारीची काच पाहा. ती रंगहीन दिसते का? नाही. ती काळसर दिसते आणि तिच्यावर आकाश, झाड, पाहणारा स्वतः, असे सगळे दिसते. गाडीच्या आत अंधार असतो म्हणून. प्रतिकृतीच्या आत पांढरा पुठ्ठा तसाच सोडला तर कितीही उत्तम काच असो, ती दिसणारच नाही. आम्ही आतून गडद तपकिरी रंग दिला, चमक नसलेला. आसने बसवली, सुकाणूचक्र बसवले. मगच काच "आली".

एका मुलाला काचा काळ्या हव्या होत्या. सरकारी गाडी आहे, आतला साहेब दिसायला नको, असे त्याचे म्हणणे. त्याला नियम दाखवला. मोटार वाहन नियमांप्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. शेवटी तडजोड म्हणून मागच्या खिडक्यांना टिश्यू पेपरचे पांढरे पडदे लावले. जुन्या सरकारी अँबेसिडरमध्ये ते असतच.

विश्वस्त मंडळापुढे एक सूचना आहे की पुढील वर्षी मुलांसाठी तयार किट विकत घ्यावीत, म्हणजे वेळही वाचेल आणि पात्याचा धोकाही. पात्याविषयीची पालकांची काळजी रास्त आहे, आणि आमच्या नियमात आम्ही ती घेतली आहे. पण किटविषयी आमचे मत वेगळे आहे. किटमध्ये खिडक्या आधीच कापलेल्या येतात, आणि जाड येतात. स्क्रू गेज हातात घेण्याचे कारणच उरत नाही. तेवढ्या पैशांत धातूच्या पट्ट्या, कापण्यासाठी रबरी चटया आणि कार्यानुभवाच्या खोलीत दोन चांगले दिवे घ्यावेत, अशी आमची विनंती आहे. दिवे आधी घ्यावेत. साडेसहाच्या अंधुक उजेडात घाई होते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

प्रदर्शनाला त्या नमुने जपणाऱ्या मुलाचे आजोबा आले होते. त्यांनी एका सरकारी खात्यात बरीच वर्षे अँबेसिडर चालवली आहे. अँबेसिडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, त्याआधीच ते निवृत्त झाले होते. चष्मा काढून, डोळा अगदी दाराच्या काचेशी नेऊन त्यांनी आत पाहिले. गिअरचा दांडा सुकाणूजवळ आहे ना, एवढे पाहून मान हलवली. काचेविषयी काही बोलले नाहीत, बहुधा ती तेथे आहे हे त्यांच्या लक्षातच आले नसावे. मग त्रिकोणी झडपेवर बोट ठेवून नातवाला म्हणाले, "ही का रे बंद केलीस? उन्हाळ्यात सगळा वारा हिच्यातूनच यायचा. मी एक दिवस ही बंद ठेवली नाही."

गोंदाच्या पडद्याची झडप उघडता येत नाही. तेव्हा दुसऱ्या गाडीसाठी पातळ तांब्याच्या तारेची त्रिकोणी चौकट करून तीत प्रोजेक्टरच्या पानाची काच बसवण्याचे काम सध्या चालू आहे. चौकट वळली आहे, काच दोनदा पडली. ज्यांच्याकडे जुन्या विजेच्या वायरीतली बारीक तांब्याची तार असेल त्यांनी ती शनिवारी घेऊन यावी.